मोखाड्याकडे परसबाग फेब्रुवारीपर्यंतसुद्धा टिकत नाही, काय लावावं? अनुभवी लोकांनी सांगा

पाड्यावरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी मोखाडा तालुक्यात झेडपी शाळेवर आहे, पाड्यात पंचवीस-तीस घरं, बहुतेक वारली आणि कातकरी. अंगणवाडी शाळेच्या आवारातच असल्यामुळे वजनाच्या दिवशी काय चित्र असतं ते समोरच दिसतं. गेल्या जूनमध्ये एका संस्थेने घरटी बियाण्याचं पाकीट वाटलं, टोमॅटो, कोबी, ढोबळी मिरची, पालक असलं सगळं, फोटो काढले, बोर्ड लावला आणि गेले. आमच्याकडचा पाऊस म्हणजे अडीच हजार मिलिमीटरच्या वर, जुलैत आठ आठ दिवस ऊन दिसत नाही, टोमॅटो जागेवर सडला, कोबी कुणी लावलाच नाही, पालक थोडा आला तो शेळ्यांनी खाल्ला. जे काही वाचलं ते दिवाळीनंतर वाळलं कारण निम्मी घरं जगायला बाहेर पडतात, भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, ती पार मे अखेरीला परत येतात. आणि जे मागे राहतात त्यांना फेब्रुवारीनंतर प्यायलाच पाणी डोक्यावरून आणायचं तर झाडांना कुठून घालणार.

मला या वर्षी पाकिटं वाटायची नाहीत. पाच-सहा घरं धरून नीट करायचं आहे. माझे प्रश्न असे की पाणी नसताना आणि माणूसच घरी नसताना काय टिकेल, पोरांच्या पोटात खरंच काय जाईल, आणि शेळ्या. यूट्यूबवर सगळं पुण्याच्या गच्चीवरचं आहे हो, ते इथे चालत नाही.

---

निवृत्त_मुख्यसेविका

मास्तर, एकात्मिक बालविकासमध्ये नोकरी केली, ठाणे आणि पालघर दोन्ही बघितलं, जिल्हा एकच होता तेव्हापासून. जव्हारकडे वावर-वांगणीत कुपोषणाने पोरं गेली, ते १९९२ ला झालं तेव्हा मी नवीन होते. त्यानंतर परसबाग हा शब्द दर दोन-तीन वर्षांनी नवीन नावाने येतो.

आधी एक सांगते ते मनावर घ्या. ज्या पोराचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली आहे त्याला परसबाग नको, त्याला उपचार हवा. आशाताईंना सांगा, ग्राम बाल विकास केंद्र चालू असेल तर तिथे, आजारी असेल किंवा खातच नसेल तर सरळ पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल. भाजी उगवायची वाट बघत बसू नका. परसबाग ही बाकीच्या पोरांसाठी, गरोदर बाईसाठी, आणि त्या वाचलेल्या पोराने पुन्हा तिथे जाऊ नये म्हणून.

आता पोटात काय जातं ते. भाजी उगवते पण ती मोठ्यांच्या ताटात जाते, बाळाला नुसता भात आणि वरचं पाणी. आईला विचारलं की म्हणते पाल्याने पोट बिघडतं. काही अंशी खरंही असतं, कारण पाला जाडाभरडा शिजवलेला असतो आणि दोन घास जास्त झाले की बाळाला जुलाब होतात, मग ती आई परत देत नाही. आम्ही करायचो ते असं, शेवग्याचा कोवळा पाला देठं काढून सावलीत वाळवायचा (उन्हात नाही, रंग जातो आणि अ जीवनसत्त्वही जातं), हाताने चुरून चाळणीतून काढायचा आणि डब्यात भरायचा. बाळाच्या खिचडीत सुरुवातीला चिमूटभर, मग वाढवत लहान चमचा. आणि वरून तेल! एक चमचा तेल घातल्याशिवाय बाळाच्या खिचडीला अर्थ नाही, एवढ्याशा पोटात भाताने कितीसं बळ जाणार, शिवाय पाल्यातलं अ जीवनसत्त्व अंगी लागायला तेल लागतंच. तुमच्याकडे खुरासणी होते ना, तेच तेल.

बायांना पालेभाजीवर लिंबू पिळायला सांगा आणि जेवणावर लगेच कोरा चहा नको म्हणून सांगा, लोह अंगाला लागत नाही त्याने. हे सांगितलं की बाया हसतात आणि चहा पितात तो भाग वेगळा. पण हसण्यावारी नेऊ नका, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी निघालं, ५४ टक्के. पाच वर्षांखालच्या पोरांत ६८ च्या वर. हे अख्ख्या राज्याचं झालं, तुमच्या पाड्याचं काय असेल ते तुम्हीच ओळखा.

---

शंकासूर

चर्चा चांगली आहे पण कुणीतरी उलटं बोलायला पाहिजे म्हणून लिहितो. भाजीने भूक भागते का? शंभर ग्रॅम माठाच्या भाजीत उष्मांक किती असतात? तीस-चाळीसच्या आसपास. या लोकांना डाळ, तेल, अंडी, दूध पाहिजे आणि ते घ्यायला हातात पैसा, म्हणजे गावातच रोजगार पाहिजे. रोहयोचं काम वेळेवर निघालं आणि मजुरी वेळेवर मिळाली तर माणूस वीटभट्टीवर जाणारच नाही. ते सोडून गरिबाला म्हणायचं की तुझ्या अंगणात वांगी लाव म्हणजे कुपोषण जाईल, हे मला जबाबदारी झटकणं वाटतं. मास्तरांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण आधीच पाणी भरून भरून बाई थकलेली, त्यात तिच्या डोक्यावर अजून एक काम. सगळ्या परसबाग योजनांत राबतं कोण? बाईच.

---

डोंगरी_शेतकरी

शंकासूर तुमचं रोजगाराचं शंभर टक्के बरोबर आणि बाईच्या कामाचं त्याहून बरोबर. पण ती मजुरी आली तरी मोखाड्याच्या बाजारात पैसे देऊन पिशवीत काय येतं ते पण बघा, बटाटा, कांदा, सुकट आणि पाच रुपयाचे कुरकुरे. म्हणून दोन्ही पाहिजे.

मी अकोले तालुक्यातला, म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या अंगाचा, पाऊस तुमच्यासारखाच. आमच्या तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी गावरान बियांची बँक केली, २०२० ची पद्मश्री त्यांना जाहीर झाली ते सगळ्यांना माहीतच आहे. त्यांच्याकडे जाऊन पाहण्यासारखं काय तर बी राखेत घोळून मडक्यात कसं ठेवलंय ते आणि कुठला वेल कशावर चढवलाय ते. मास्तर, तुमचं पाकीट का फसलं तर संकरित बी, आणि तेही थंडीतल्या भाज्यांचं, भर पावसात. तुमच्या पाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा पूर्वी घराभोवती काय असायचं. वाल, पावटा, घोसाळी, दोडका, काकडी, भोपळा, चवळी, हे निघेल बघा. वेल मांडवावर नाहीतर सरळ छपरावर चढवायचे, म्हणजे पावसात सडत नाही आणि शेळीचं तोंडही पोचत नाही. खाली जमिनीवर करायचं असेल तर सपाट वाफा विसरा, गादीवाफा वीतभर उंच पाहिजे आणि मधून चर उताराला काढून द्यायचा. शेवगा पण उंचवट्यावर लावा, पाणी साचलं की मूळ कुजतं आणि एका आठवड्यात झाड बसतं.

पण तुमचा मुख्य प्रश्न माणूस घरी नसताना काय टिकेल, त्याचं उत्तर कंद. कोनफळ, करांदा, सुरण, आळू. मे अखेरीला लावायचे, म्हणजे लोकं परतल्यावर लगेच, पाऊस त्यांना वाढवतो, तुम्ही काही करायचं नाही, फक्त वेलाला आधार. करांद्याचे वेलावरचे गोळे दिवाळीच्या सुमारास तयार होतात, ते वीटभट्टीवर जाताना बरोबर नेता येतात, टोपलीत हवेशीर ठेवले तर पुष्कळ दिवस टिकतात. आणि कोनफळ-सुरण काढलंच पाहिजे असं नाही! वेल वाळला की कंद जमिनीत झोपून राहतो, पाणी नको काही नको, मेमध्ये परत आल्यावर खणून काढा. जूनमध्ये जेव्हा कणगी रिकामी आणि पेरणीचं काम डोक्यावर, नेमका तेव्हा तो कंद हाताशी येतो. उंदीर आणि रानडुक्कर मात्र बघावे लागतात, वर दगड रचून ठेवतात आमच्याकडे. शंकासूर, उष्मांक म्हणालात ना, हे घ्या उष्मांक. फक्त रानातला कडू करांदा लावू नका, तो राखेच्या पाण्यात उकळून उकळून खावा लागतो, घरगुती गोडा करांदा वेगळा.

झाडं म्हणाल तर शेवगा, कढीपत्ता, पपई, लिंबू घरटी एकेक. पहिल्या दोन उन्हाळ्यांत झाडं जगवायची तर जुनं पाझरणारं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, बुडाला भोक पाडून सुताची वात, वर झाकण. आठवड्यातून एकदोनदा भरलं की पुरतं. जव्हारकडे बाएफ संस्थेच्या वाड्यांत (फळबागांत) आंबा-काजूची कलमं अशीच जगवली लोकांनी, तुमच्या पाड्यातसुद्धा कुणाला तरी माहीत असणार बघा.

---

लातूरची_ताई

आमच्याकडे तुमच्या उलट, पाऊसच नाही, पण मला बोलायचंय ते जमिनीबद्दल. मास्तर, ती पाच-सहा घरं धरताना आधी विचारा की जागा कुणाच्या शब्दाने मिळणार.

मराठवाड्यात सगळं रान सोयाबीन. घरी खायला ज्वारी विकत, डाळ विकत, भाजी विकत. प्रेमा गोपालन यांची स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था, किल्लारीच्या भूकंपानंतर घरबांधणीच्या कामातून उभी राहिली ती, त्यांनी बायकांना हे सांगायला सुरुवात केली की सगळं रान नका मागू, अर्धा एकर मागा, एक एकर मागा, आणि त्यात नगदी पीक नाही तर खायचं लावा. ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, मध्ये भाज्या, बांधावर शेवगा-कढीपत्ता, शेणखत घरचं. २०१६ ला त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मी त्यातल्याच एका गटातली.

माझ्या सासऱ्यांनी काय दिलं माहितीये का, नाल्याकडेचा पडीक तुकडा, म्हणाले घे तुझी बाग कर. दिला तो दिला. पहिल्या वर्षी दगडंच वेचली. पण त्याचा पाल्यापाचोळ्याने पोत सुधारला आणि ज्या वर्षी सोयाबीन गेलं त्या वर्षी त्या तुकड्यातल्या मुगाने आणि भाजीने घर चाललं, तेव्हापासून सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला ते रान दाखवतात, जणू त्यांचीच आयडिया.

शंकासूर दादा, बाईच्या डोक्यावर काम येतं हे खरंय. पण काम तर ती आधीपण करतच होती, नवऱ्याच्या सोयाबीनमध्ये खुरपायचं काम. फरक इतकाच की इथे काय लावायचं हे ती ठरवते आणि चार जुड्या विकल्या तर ते पैसे तिच्या हातात राहतात. पोराला अंडं त्याच पैशातून येतं. त्यामुळे मास्तर, मीटिंग घ्याल तर फक्त पुरुषांची घेऊ नका आणि फक्त बायकांचीही घेऊ नका, बायकांच्या मीटिंगमध्ये सगळं ठरतं आणि घरी जाऊन मोडतं.

आणि कोंबड्या विसरू नका, पाच-सहा गावरान. लस मात्र टोचून घ्या मानमोडीची, नाहीतर एका रात्रीत खुराडं रिकामं.

---

नैरोबीकर

मूळचा सांगलीचा, सध्या नैरोबीत नोकरी. इथे किबेरा म्हणून मोठी झोपडपट्टी आहे, तिथलं एक सांगतो. २००८ मध्ये निवडणुकीनंतरच्या दंगलीत इथे अन्नाचे वांधे झाले तेव्हा एका फ्रेंच मदत संस्थेने पोत्यातली भाजी पसरवली. पोतं घ्यायचं, मधोमध बिनबुडाचा डबा उभा ठेवून त्यात खडी भरायची, बाजूने माती आणि शेणखत, मग डबा वर ओढत ओढत परत भरायचं, म्हणजे मधे खडीचा खांब तयार होतो आणि वरून ओतलेलं पाणी खालपर्यंत सगळीकडे पोचतं. नाहीतर वरच ओलं आणि खाली कोरडं राहतं. मग पोत्याच्या अंगाला चाकूने भोकं पाडून रोपं खोचायची, वर पण लावायची. इथले लोक सुकुमा विकी लावतात, कोबीच्या जातीचा पाला, जाड पान, खालचं खालचं तोडत राहायचं. एका पोत्याला जागा किती, तर दारात पाण्याचा पिंप ठेवावा इतकी.

मला प्रश्न पडला मास्तर, की पाड्यावर बाग करताय पण माणसं तर सहा महिने वीटभट्टीवर आहेत. मग बाग तिथे का नाही? वीट पाडायला चिखल करावा लागतो म्हणजे भट्टीवर पाणी असतंच ना? रिकामी पोती पण असतीलच. मेथी, माठ तीन-चार आठवड्यात तोडायला येतात. तुमची पोरंही भट्टीवरच असतात ना त्या काळात, आणि तिथे अंगणवाडी असेलच असं नाही.

---

शंकासूर

नैरोबीकर, हे पटलं बुवा. भट्टीमालक जागा देईल का माहीत नाही, पण पोत्याला जागा मागायला कशाला जायचं, झोपडीच्या दारात.

एक भर, भट्टीवरची राख धूळ सगळी पाल्यावर बसणार, धुतल्याशिवाय शिजवू नका म्हणून सांगा. आणि विटांत बॉयलरची काळी राख मिसळतात ती खत समजून पोत्यात घालू नका, लाकडाची चुलीची राख वेगळी.

---

कोल्हापुरी_प्रयोगी

उशिरा आलो. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराचं (शेतीत प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांचा गट) कुणीच नाव काढलं नाही म्हणून लिहितो. श्री. अ. दाभोलकरांचं म्हणणं होतं की पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं, ऊन आणि पालापाचोळा नीट वापरला तर. त्यांचे शिष्य दीपक सचदे, मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बजवाड्याला होते, त्यांनी गंगा माँ मंडल केलं, गोल बाग, मध्यभागी खड्डा त्यात न्हाणीचं पाणी, कडेने सात वाफे, आठवड्याच्या सात वारांसाठी सात. मूळ आराखडा तीसेक फूट व्यासाचा आहे. तुमच्या उताराच्या जमिनीत गोल वगैरे जमणार नाही, हट्ट करू नका, पण त्यातल्या दोन गोष्टी उचला, एक म्हणजे मधला न्हाणीच्या पाण्याचा खड्डा आणि दुसरं म्हणजे रोज वेगळ्या वाफ्यातलं तोडायचं, त्याने आपोआप बदलून बदलून भाजी होते आणि तोडलेल्या वाफ्याला सहा दिवस मिळतात. खड्ड्याभोवती केळ, आळू, पपई. भांड्यांचं साबणाचं पाणी केळीला चालतं, पालेभाजीवर ओतू नका.

---

पाड्यावरचा_मास्तर

बापरे, इतकं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद, वेगवेगळं उत्तर देत नाही, एकत्रच लिहितो.

काल शाळा सुटल्यावर दोन आज्यांना बसवून विचारलं, डोंगरी दादा म्हणाले तसं. घोसाळी, वाल, भोपळा, काकडी तर निघालंच, शिवाय एकीच्या घरी तुळईला टांगलेला वालाचा झेला होता, दाणे अजून चांगले. बी विकत आणायची गरजच नाही बहुतेक. करांदा मात्र इथे आता कुणाकडे दिसत नाही, पूर्वी होता म्हणतात.

ठरवलंय असं की सहा घरं, त्यात तीन राहणारी आणि तीन जगायला जाणारी. राहणाऱ्यांकडे न्हाणीचा खड्डा, मांडव, मडक्यावर शेवगा आणि लिंबू. जाणाऱ्यांकडे फक्त कंद आणि छपरावरचे वेल, आणि दिवाळीला निघताना मेथी-माठाच्या बियांची पुरचुंडी बरोबर. भट्टीवरच्या पोत्याचं एका बाईला सांगितलं तर ती म्हणाली आमच्या मुकादमाच्या बायकोने डब्यात कोथिंबीर लावलेलीच असते की! म्हणजे पाणी आहेच तिथे. ताईंनी सांगितल्याप्रमाणे मीटिंगला जोडीने बोलावतो. मुख्यसेविका ताई, पाला चुरून चाळून घ्यायचं ते अंगणवाडी ताईंना दाखवलं, त्यांच्याकडे टेप आहे, दोन पोरं लाल पट्टीत निघाली, उद्या आशाताई घेऊन जातायत.

शेळ्यांसाठी कुंपणाचं कुणी बोललंच नाही. तारेचं कुंपण परवडणारं नाही. इथे लोक मोगली एरंडाची वई करतात, शेळी तोंड लावत नाही त्याला, चालेल का?

---

निवृत्त_मुख्यसेविका

मास्तर मोगली एरंड नको! शाळेच्या जवळ तर अजिबात नको. पोरं त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी आडवी होतात, एकदा अख्खा वर्ग दवाखान्यात न्यावा लागला होता आमच्या बीटमध्ये.

आणि ती दोन पोरं परत आली की कळवा. दाखल करून घेतलं तर आईची मजुरी बुडते, तिला बुडीत मजुरी मिळते त्याची चौकशी तिथेच करायला सांगा आशाताईंना.

---

डोंगरी_शेतकरी

अडुळसा आणि निरगुडी लावा, दोन्हीला शेळी तोंड लावत नाही, दोन्हीच्या फांद्या पावसात खोचल्या की लागतात. पण ती वाढेपर्यंत पहिलं वर्ष करवंदीच्या काट्यांचा फास घालावा लागेल, त्याला पर्याय नाही. हादग्याचं कुणी सुचवलं तर वईत लावू नका, शेळीला त्याच्याइतकं आवडतं काही नाही.

करांद्याचे गोळे माझ्याकडे आहेत, सहा घरांना पुरतील इतके देतो. मे महिन्यात डोळा फुटायच्या आत पोचले पाहिजेत. पोस्टात चेपतात, कसारा स्टेशनपर्यंत कुणी येणार असेल तर आमच्या गावचा एक ड्रायव्हर दर आठवड्याला घोटीवरून तिकडे जातो, त्याच्याकडे पोतं देतो. वार कुठला जमेल ते व्यक्तिगत निरोपात सांगा.

---

पाड्यावरचा_मास्तर

शनिवार दुपार. सकाळची शाळा असते. मी स्वतः येतो, निरोप पाठवलाय दादा.